रिकाम्या हातांची सून

सकाळी जानकीबाईंना खाट रिकामी दिसली. सून रिता घरात नव्हती.

संधिवातानं रिता वर्षभर हैराण होती. हा म्हातारपणचा वात नव्हे, यात शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. जानकीबाईंनी त्यातलं एवढंच उचललं की पोरीला हलू द्यायचं नाही. हातमाग बंद, कांड्यांवर सूत भरणं बंद, पाण्याचा तांब्यासुद्धा खाटेवर. माया कसली, पहाराच तो! काल रिता चिडून म्हणालीही होती, "असं पडून राहण्यापेक्षा मेलेली बरी."

शेजारच्या पुष्पाबाई अंगण झाडत होत्या.

"आमची रिता दिसली काय वो?"

"नदीकडे गेली ना. घाईघाईनं जाऊन राहिली होती. हातात काहीच नाही."

काहीच नाही! पवनीत बाई सकाळी नदीवर जाते ती धुण्याची बादली घेऊन, नाहीतर पूजेचं ताट घेऊन. रिकाम्या हातानं, कुणाशी न बोलता वैनगंगेकडे निघालेली सून म्हणजे... जानकीबाई अनवाणीच धावत सुटल्या.

घाटावर कुणी नव्हतं. पायऱ्यांपाशी काहीतरी लाल तरंगत होतं. त्या तशाच कमरेभर पाण्यात उतरल्या. कुणाची तरी जुनी ओढणी निघाली.

वर आल्या, तर काठच्या रस्त्यानं रिता येत होती. झपझप. तोंड लाल, कपाळावर घाम.

जानकीबाईंनी तिचा हात गच्च धरला. "कुठी मेली होती गं?"

"आई, सोडा, दुखते!" रिता धापा टाकत म्हणाली. "डॉक्टर म्हणे, गोळ्या तं घ्याच, पण रोज चाला. बोलता आलं पाहिजे, गाता नाही आलं पाहिजे, इतका दम लागू द्या. पडून राहिलं तं सांधे आणखीन अकडते. अन् या बिमारीत हृदयालेही धोका राह्यते."

"मंग सांगून काहून नाही गेली?"

"सांगितलं असतं तं जाऊ दिलं असतं?"

जानकीबाईंचा राग तस्साच होता, पण त्यांनी हात सोडला. लुगड्यातून पाणी गळत होतं, ते रितानं आत्ता पाहिलं.

"आई, तुम्ही पाण्यात कायले उतरल्या?"

"तुले काढाले," जानकीबाई म्हणाल्या आणि भर रस्त्यात रडू लागल्या.