कारंज्याच्या गावाची पाणीपट्टी

बिराप्पाच्या ओट्यावर बसून सयाजीने पाचव्या घरचा गूळ तोंडात टाकला आणि पाचव्या घरचा तांब्या रिकामा केला. आता पोटात जागाच उरली नव्हती. दारी आलेल्याला गूळपाणी दिल्याशिवाय सोडायचे नाही हा माणदेशातला रिवाज, आणि दिलेले नाकारायचे नाही हा त्याच्याही वरचा. सयाजी ग्रामपंचायतीचा पंपचालक. आला होता तो पाणीपट्टी मागायला. पाणी घरोघर मिळत होते, पट्टी कुठेच नाही.

"मोटारीला करपट वास येतुया," तो म्हणाला. "फलटणला नेऊन वायंडिंग केलं न्हाई, तर म्हैनाभर बी टिकायची न्हाई ती."

"गड्या, पान्याचं पैसं कवा कुनी घेतल्यात का?" बिराप्पाने मनापासून विचारले. "आमच्या आज्यानं वाटसराला पानी पाजलं, दमडी घेतली न्हाई."

बिराप्पा काही कंजूष नव्हता. सिद्धनाथाच्या यात्रेत जेवण घालायला त्याने नुकतीच दोन मेंढरे दिली होती. पाणी आणि पैसा हे दोन शब्द त्याच्या डोक्यात शेजारी बसत नव्हते, एवढेच.

ही नळयोजना बाहत्तरच्या दुष्काळानंतर झाली. सरकारने दिली ती अगदी सढळ हाताने. दीडशे उंबऱ्यांच्या गावाला म्हसवडसारख्या मोठ्या बाजारगावाला पुरेल एवढी टाकी बांधली, आणि पंचायतीसमोर चक्क कारंजे बसवले. उद्घाटनाला मंत्री आले, जेवणावळ उठली, कारंजे दोन तास उडाले. ज्यांनी वर्षभर हंडाभर पाण्यासाठी पायपीट केली होती, त्यांनी ते डोळे भरून पाहिले. मग ते बंद पडले ते पडलेच. आता त्यात कोंबड्या धूळ उडवत बसतात. विजेचे बिल कोण भरणार, हे एवढा खर्च करणाऱ्यांना सुचले नाही आणि गावानेही विचारले नाही. सरकारने बांधले, सरकारच चालवील, असा सगळ्यांचा समज झाला. माझ्या मते त्यात गावाची फारशी चूक नव्हती.

सयाजीने फौजेत पंधरा वर्षे गाड्यांची इंजिने दुरुस्त केली होती. पट्टी जमत नसल्यामुळे सात महिने त्याला पगार नव्हता, तरी तो रोज वेळेवर मोटार सुरू करी. लोक त्याला खुळा म्हणत. दुष्काळाच्या वर्षी तो सीमेवर होता. त्याची बायको शालूबाई दोन मैलांवरच्या नदीपात्रातल्या झऱ्यावरून पाणी आणत होती. सहावा महिना चालू असताना ती डोक्यावरच्या हंड्यासकट वाटेत पडली. मूल गेले, पुढे पुन्हा राहिले नाही. सयाजीला हे पत्राने कळले. तिच्या डोक्यावर परत हंडा चढू नये, यापलीकडे त्याला गावाकडून काही नको होते.

शुक्रवारी ग्रामसभा भरली. सरपंच लालासाहेब भला माणूस, पण निवडणूक दोन महिन्यांवर आली होती. मोटारीसाठी घरटी दहा रुपये, हा ठराव त्याने मांडला तोच चाचरत. कोणीतरी म्हणाले, कारंज्याला पैसा होता आणि मोटारीला नाही होय? दुसरा म्हणाला, थकबाकी तर सरपंचाच्या भावकीचीच जास्त आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. शेवटी लालासाहेबाने हात वर करायला सांगितले.

दोन हात वर झाले. एक सयाजीचा, दुसरा शाळेतल्या गुरुजींचा. गुरुजी शिराळ्याचे, त्यांचे मत या गावात नव्हतेच. सयाजीने बायकांच्या बाजूला पाहिले. शालूबाई पदराआड हात घेऊन खाली बघत बसली होती.

घरी आल्यावर तो चुलीपाशी जाऊन बसला. मग म्हणाला, "तू बी न्हाई?"

शालूबाई भाकरी थापायची थांबली. "हात वर केला असता तर उद्या धा रुपयं द्यावं लागलं असतं. सात म्हैनं तुमास्नी पगार न्हाई. कुठनं आनलं असतं?" आणि पुन्हा भाकरी थापायला घेत म्हणाली, "लोकांम्होरं खोटा हात वर करू व्हय मी?"

आपण हात वर केला तेव्हा हे आपल्या डोक्यातसुद्धा आले नाही, याची सयाजीला लाज वाटली. वाटेभर तो गावाला मनातल्या मनात शिव्या देत आला होता. त्या आता त्याला आठवेनात.

नवव्या दिवशी मोटार जळाली. सयाजीने पंपघराला कुलूप लावले आणि किल्ली पंचायतीत नेऊन दिली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच शालूबाईने हंडा आणि कळशी काढली. सयाजीने तिच्या हातातून हंडा घेतला. पुरुष फार तर गाडीवर पिंप नेत. हंडा घेऊन बायकांबरोबर झऱ्यावर जाणारा पुरुष त्या गावाने पाहिला नव्हता.

"माघारी फिरा. लोकं हसत्याली," ती म्हणाली.

"हसू द्यात."

कोणी हसले नाही. झऱ्यावर म्हातारी दगडाबाई त्याला म्हणाली, "सयाजी, तू म्होरं भर, बाबा." तो म्हणाला, "नंबरानं हुईल, मावशी," आणि रांगेच्या शेवटी वाळूत जाऊन बसला. नंबर आला तेव्हा ऊन चढले होते. खड्ड्यात उतरून वाटीवाटीने त्याने दोन्ही भांडी भरली. हंडा खांद्यावर घेतला, कळशी हातात धरली. शालूबाईला त्याने काहीच उचलू दिले नाही.

अर्ध्या वाटेवर, चढण लागल्यावर, इतक्या वर्षांत कधी न विचारलेले त्याने विचारले.

"कुठं पडली हुतीस?"

ती चार पावले पुढे गेली आणि एका उघड्या खडकापाशी थांबली. "हितं," म्हणाली.

सयाजी खांद्यावरच्या हंड्यासकट तिथे उभा राहिला. मागून येणाऱ्या बायका वाटेच्या कडेने पुढे गेल्या.