फुलपाखरं हवीत, अळ्या नकोत

टेमघरच्या त्या सोसायटीत नळाला पाणी एक दिवसाआड यायचं, आणि ज्या दिवशी यायचं त्या दिवशीही ते खरंच आलं होतं का, यावर दोन विंगांची दोन मतं असायची. अशा सोसायटीच्या अध्यक्षांनी बाग करायचं ठरवलं. चांगदेवशेठची कल्याण रस्त्याला गोदामं होती, त्यामुळे मोकळी जागा दिसली की तिथं काहीतरी उभं करावं असं त्यांना आतूनच वाटायचं.

"फुलपाखरू उद्यान करू," ते सभेत म्हणाले. "हिरवळ लावू, गुलाब लावू, फुलपाखरं येतील. पेपरात फोटो येईल."

"पाणी?" धम्मदिनानं विचारलं.

"टँकर हाय ना मॅडम."

टँकर लोकांच्या आंघोळीलाच पुरत नव्हता. पण आंघोळीचा फोटो पेपरात येत नाही. धम्मदिना ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची, तेव्हा बोलली तीच अडकली. बाग तिच्या गळ्यात पडली.

तिनं अशी झाडं निवडली की त्यांना लोक विसरले तरी चालेल, कारण लोक विसरणार याची तिला खात्री होती. रुई, एरंड, पानफुटी, कोरांटी, कढीलिंब. फुलपाखराला नुसता मध पुरत नाही, त्याच्या पिल्लांना पानं लागतात, आणि ती ठरलेल्या झाडाचीच लागतात, हे तिनं सभेत सांगितलं. सभेनं ते शांतपणे ऐकलं. सभा सगळंच शांतपणे ऐकते.

"मॅडम, ही बाग हाय का उकिरड्याची कड?" चांगदेवशेठनी रोपं बघून विचारलं.

"मे महिन्यात बोलू," ती म्हणाली.

मे महिन्यात बोलायची वेळ आली नाही. गेटजवळच्या कुंड्यांतले गुलाब वाळून काटक्या झाले आणि रुई धुळीत उभी राहून फुलली. पावसाळा सरला तसं रुईवर केशरी पंखांचं प्लेन टायगर फुलपाखरू घिरट्या घालायला लागलं आणि मग पानांवर अळ्या दिसल्या. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, मध्ये पिवळे ठिपके. धम्मदिना कॉलेजला जाताना रोज पाच मिनिटं तिथं उभी राहायची. नवरा सुगत वरून गॅलरीतून म्हणायचा, "हजेरी झाली का वर्गाची?" आणि ती खरंच खूश असायची. एवढी खूश की वरच्या मजल्यावरची बायको आपल्या नवऱ्याला हळूच विचारायची, या मॅडमचं घरी सगळं ठीक आहे ना.

अडचण एकच होती, शनिवार. पलीकडच्या विंगेतल्या कौसल्याबाई दर शनिवारी मारुतीला रुईच्या पानांचा हार घालायच्या. पानं त्या शुक्रवारी संध्याकाळी तोडायच्या आणि पानावर अळी दिसली की झटकून टाकायच्या. धम्मदिनानं त्यांना अडवलं तेव्हा दोघींच्या मनात एकच गोष्ट आली, आणि ती दोघींनीही बोलून दाखवली नाही. धम्मदिनाच्या घरी बुद्धाची मूर्ती होती, हे सगळ्या सोसायटीला पाठ होतं.

"तुमची पानं तुम्ही न्या," धम्मदिना म्हणाली, "फक्त भिंतीकडच्या झाडाची न्या. अळ्या या बाजूला आहेत."

कौसल्याबाईंनी वाकून बघितलं. "शी! केवढं खातंय मेलं! माझ्या नातवासारखं." मग म्हणाल्या, "बरं. भिंतीकडचं मारुतीचं, हे तुमचं." एवढ्यावर मिटलं. दोन बायकांना जे उभ्या उभ्या जमलं, त्यासाठी समितीनं तीन बैठका घेतल्या असत्या आणि एक पोटसमिती नेमली असती.

मग उद्घाटन ठरलं. कोण पाहुणे येणार ते गुप्त होतं, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. शनिवारी सकाळी अकराचा मुहूर्त. बागेच्या मधोमध पुरुषभर उंचीचं फायबरचं फुलपाखरू बसवलं गेलं, पंखांच्या मधे उभं राहून फोटो काढायची सोय असलेलं.

"याला तर पानी पन लागत न्हाय," चांगदेवशेठ म्हणाले. त्यांना तिच्या झाडांची टिंगल करायची होती की कौतुक, हे धम्मदिनाला कळलं नाही. बहुधा त्यांनाही कळलं नसावं.

शुक्रवारी दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला. उद्या पहाटे बागेत कीटकनाशक फवारणी. रहिवाशांनी खिडक्या बंद ठेवाव्यात.

धम्मदिना तडक ऑफिसात गेली. चपलासुद्धा दोन वेगवेगळ्या होत्या.

"शेठ, फवारणी कशाला?"

"आळ्या झाल्यात ना. पाहुण्यांच्या अंगावर चढली एखादी म्हंजे?"

"त्या अळ्यांचीच फुलपाखरं होतात."

"ते कळतंय हो मॅडम. शाळंत शिकलोय." चांगदेवशेठ समजूतदारपणे हसले. "पन पाहुणे फुलपाखरं बघायला येनार. आळ्या बघायला कोन येतं?"

"अळ्या मारल्या तर फुलपाखरं येणार कुठून?"

"जी उडतायत ती ऱ्हातील. आपन फक्त आळ्या मारतोय."

तिनं अंडी सांगितली, कोष सांगितला. विषारी चीक सांगितला, जो पिऊन ही अळी पक्ष्यांपासून वाचते. वर्गात ती हा धडा घ्यायची तेव्हा शेवटच्या बाकावरचा सुद्धा मान वर करायचा. चांगदेवशेठ मोबाईल बघत होते.

"मॅडम, तुम्ही इमोशनल होताय. तुमच्या लोकांचं जरा हे असतंच, मुंगी पन मारायची न्हाय वगैरे. चांगलं हाय ते. पन सोसायटी सगळ्यांची हाय."

तुमच्या लोकांचं. हे त्यांनी इतक्या प्रेमानं म्हटलं की कुणी साक्षीदार असता तर त्यानं ते शेठच्या बाजूनं सांगितलं असतं. धम्मदिनाची कानशिलं तापली. ती जीवशास्त्र बोलत होती आणि त्यांनी तिचं आडनाव ऐकलं होतं.

ती खाली आली तेव्हा कौसल्याबाई पिशवी घेऊन भिंतीकडच्या रुईची पानं तोडत होत्या.

"तोडा, आजच सगळी तोडून ठेवा," धम्मदिना ओरडलीच. "उद्या पहाटे विष मारणार आहेत. पुढच्या शनिवारी तेच विष घाला देवाच्या गळ्यात!"

तिनं हे रागात म्हटलं. डावपेच असता तर तिला निदान त्याचं समाधान तरी मिळालं असतं. कौसल्याबाईंनी पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि जिना चढल्या. खालून नुसता आवाज ऐकू येत होता. "देवाच्या पानावर इष? चांगदेवा, तुज्या आईला सांगू का मी?"

चहा गार व्हायच्या आत फवारणी रद्द झाली. चांगदेवशेठ स्वतः खाली आले, हात जोडलेले. "अवो मॅडम, देवाचं झाड हाय, हे आधी सांगायचं ना!"

रात्री सुगत म्हणाला, "वाचल्या ना अळ्या? मग चेहरा असा का?"

"मी वर्षभर जे सांगतेय त्याला शून्य किंमत. आणि मारुतीचं नाव निघालं की एका मिनिटात काम."

"अगं, जिंकलीस तू."

"मी नाही जिंकले," ती म्हणाली आणि भांडी अशी घासली की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

शनिवारी सकाळी ती खाली उतरली तेव्हा बागेत जत्रा भरली होती. चांगदेवशेठनी पहाटेच ग्रुपवर टाकलं होतं: आपल्या सोसायटीतील पवित्र रुईची पाने आज सर्व भाविकांसाठी उपलब्ध, कीटकनाशकमुक्त. लोक पिशव्या घेऊन आले होते. समोरच्या सोसायटीतले आले होते. भिंतीकडचं झाड केव्हाच संपलं होतं आणि आता या बाजूच्या झाडांच्या फांद्या वाकवल्या जात होत्या. ज्यांनी वर्षभर रुईकडे ढुंकून बघितलं नव्हतं ते तिचे शेंडे खुडत होते. पानं झटकली जात होती. अळ्या पेव्हर ब्लॉकवर पडत होत्या, चपलांखाली जात होत्या, आणि एक गृहस्थ पाय पुसत म्हणाले, "सोसायटीनं फवारणी करून घ्यायला पायजे होती."

"बाजूला व्हा!" धम्मदिना किंचाळली. "सगळे बाजूला व्हा! पान सोडा ते!"

"मॅडम, धार्मिक बाब आहे," कुणीतरी शांतपणे समजावलं.

कौसल्याबाई गर्दीच्या कडेला रिकामी पिशवी धरून उभ्या होत्या. झाडांच्या जागी करड्या काठ्या होत्या आणि त्यातून पांढरा चीक टपटपत होता. "मी असं न्हवतं सांगितलं," त्या पुटपुटल्या. "हाराला मूठभर पानं लागतात. ह्यांना काय जंगल घालायचंय देवाला?"

"तुमच्याच देवाचं नाव..." धम्मदिनानं सुरुवात केली आणि कौसल्याबाईंचा चेहरा बघून थांबली. थांबल्यानं राग कमी झाला नाही, फक्त त्याला जायला जागा उरली नाही. तिनं खांद्यावरच्या कॉलेजच्या बॅगेतून डबा काढला, पोळी-भाजी कुत्र्यासमोर ओतली आणि गुडघ्यांवर बसून अळ्या वेचायला लागली. थोड्या वेळानं शेजारी अजून एक हात आला. कौसल्याबाई पदराच्या टोकानं अळी धरत होत्या, डोळे अर्धे मिटून.

"चावतं का हे?"

"नाही."

"मग मला शिवशिव का होतीय?"

अळ्यांचा डबा घेऊन दोघी रिक्षात बसल्या. "कोन गावाच्या बाजूला चल, जिथं रुई दिसेल तिथं थांब," धम्मदिना म्हणाली. रिक्षावाला उत्तरेकडचा होता. त्यानं आरशातून डब्याकडे बघितलं. "मॅडम, डब्बे में क्या है?"

"उद्घाटन," धम्मदिना म्हणाली.

गोदामांच्या रांगेमागे, ट्रकच्या जुन्या टायरांजवळ रुईचं रान माजलं होतं. तिथं मारुती नव्हता, समिती नव्हती, पाण्याचा तर थेंब नव्हता. दोघींनी एकेक अळी पानावर ठेवली. काही हलल्याच नाहीत. त्या कौसल्याबाईंनी वेगळ्या काढल्या, तरी टाकल्या नाहीत. बाकीच्यांनी क्षणभर डोकं इकडेतिकडे हलवलं आणि पानाची कड कुरतडायला सुरुवात केली, जणू काही झालंच नव्हतं.

फोन वाजला. चांगदेवशेठ. मागे बँडचा आवाज होता.

"मॅडम, कुठं हाव तुम्ही? पाहुणे आलेत, रिबिन कापली. आता ते इचारतायत, फुलपाखरं कुठायत?"

धम्मदिनानं पानाकडे बघितलं.

"जेवतायत," ती म्हणाली आणि फोन बंद केला.