तारावाल्या बाई

"हलू नकोस गं बाळ, शेवटचीच तार आता," असं म्हणत बाईंनी मुलीच्या डोक्यावर एकविसावी चकती चिकटवली.

मेंदूच्या लहरींचा आलेख काढायचा आणि वेडंवाकडं दिसेल तिथे खूण करायची, हे काम बाई तीस वर्षं करत होत्या. अख्खं रुग्णालय त्यांना तारावाल्या बाई म्हणायचं.

मुलगी नऊ वर्षांची, आईबरोबर आलेली. शाळेची एकच तक्रार, वर्गात लक्ष नसतं.

आलेख निघाला. बाईंनी नजर फिरवली. "ठीक आहे की सगळं."

पण संगणकाने एका जागी लाल खूण केली होती. जेमतेम दोन सेकंदांची.

तरुण डॉक्टर हसले. "बाई, तुमचा चेला वेगळंच म्हणतोय."

चेलाच तो संगणक. बाईंनी खुणा केलेले हजारो आलेख दाखवून त्याला दोन वर्षांत तयार केलं होतं.

"पापणी लवली असेल तिची, त्यानेही रेघ हलते," बाई म्हणाल्या खऱ्या, पण मन खात राहिलं. मघाशी मुलगी रडत होती, त्यामुळे लपलेला दोष वर आणणारी, जोरजोरात श्वास सोडायची चाचणी अर्धवटच राहिली होती. त्यांनी तिच्या हातात कागदाचं भिरभिरं दिलं.

"फुंक बघू. थांबायचं नाही हं!"

भिरभिरं गरगरलं. दोन मिनिटांनी फुंकर अचानक तुटली. मुलीचे डोळे उघडे होते, पण नजर कुठेच नव्हती. पडद्यावर लहरी उंच उसळल्या.

"हत्ती!" बाई तिच्या कानाशी म्हणाल्या.

आठ सेकंदांनी, काही घडलंच नाही अशी, मुलगी पुन्हा फुंकू लागली.

"आत्ता मी काय म्हणाले गं?"

"कधी?"

आईने तोंडावर हात ठेवला. "म्हणजे ही मुद्दाम नव्हती करत? मी मारलं हो हिला!"

"आकडीचाच प्रकार आहे हा," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला कळणार कसं? औषधाने आटोक्यात येतो." मग ते बाईंकडे वळले. "आज हरलात तुम्ही!"

"हरले कशी? त्याला शिकवलं कोणी?" बाईंची मान ताठ झाली. "पोर पुढे गेलं म्हणून आईचं नाक कापलं जातं होय?"

डॉक्टर अहवाल लिहायला बसले. "कोणाला दिसलं म्हणून लिहू?"

"त्याला. माझ्याकडून सुटलं होतं, तेही लिहा. आणि खाली माझं नाव घाला, पूर्ण."

मग त्यांनी कोमट पाण्यात फडकं पिळलं आणि मुलीच्या केसांतला चिकटा पुसायला घेतला. आईने दुसऱ्या बाजूच्या बटा मोकळ्या करायला सुरुवात केली.