विहाराची मूठ

बायका नवऱ्याचं नाव घेत न्हाईत, पन आज मी घेते. जळबा. राग आलाय मला, म्हणून घेते.

आमच्या पुसेगावात दर पुनवेला घरोघर विहारासाठी मूठभर ज्वारी काढतात. जुना विहार पडायला आला, नवा बांधायचा, म्हणून माझी सपना पाळण्यात व्हती तवापासून ही मूठ चालू हाय; आता सपना लग्नाला आली. दाणे गोळा करायचं काम जळबाकडं. तो ते मोंढ्यात इकायचा न् पैसे बँकेत टाकायचा. मी म्हणायची, "आवं, सळया घेऊन ठिवा." तर म्हणायचा, "सळईला गंज चढतो, दाण्याला किडे लागतात. पैशाला काय व्हतंय?"

औंदा किशनराव गवंड्याला बोलावलं. मूठ सुरू केली तवा त्यानंच सांगितलेली रक्कम जमली व्हती, वर व्याज बी. किशनराव मान हलवून म्हणाला, "एवढ्यात आता जोतं न् खांब व्हतील. छत न्हाई."

झालं! सगळ्यांच्या नजरा जळबावर. "दाणे जास्तीला इकले आसतील, बँकेत भरले कमी," शेजारचा भीमराज तोंडावर बोलला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यानं विहाराच्या पोत्यातला दाणा घरच्या कोंबडीला टाकला न्हाई, त्याला चोर म्हणता?

म्या वसमतहून रत्नपालला बोलावलं. जळबाचा भाचा, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. विहारासमोर बसून त्यानं सगळ्यांना समजावलं, "मामानं काही खाल्लं नाही. धंदे बसू नयेत म्हणून सरकार जास्तीचा पैसा बाजारात सोडतं. लोकांना काम मिळतं, पण भाव चढतात, अन् साठवलेल्या पैशाची किंमत घटते. थोडी घटलेली बरी, असं पुस्तकात आहे."

"कुनासाठी बरी रे?" मी वरडले. "आमच्या मुठीतून घ्यायच्या आधी आमाला इचारलं का कुनी?"

"नाही मामी," तो खाली बघून म्हणाला. "तेच वाईट आहे त्यात."

सगळ्यात पयली मूठ टाकणारी म्हातारी अनुसयाबाई उठली. "मंग मूठ काढून काय उपेग? पोटाला चिमटा काढून टाकावं, न् ते आपोआप इरून जावं? बंद करा." तिच्यामागं साऱ्या बाया उठल्या.

तवा जळबा उभा राहिला. "थांबा. ह्या पोराचं ऐकू नका. पैसा काई कमी व्हत न्हाई. दाणे इकताना म्याच मधात पैसे खाल्ले. दुसरा मानूस नेमा, पन मूठ बंद करू नका."

अनुसयाबाईचा जीव भांड्यात पडला. चोर सापडला व्हता. ती परत खाली बसली, बाया बी बसल्या. पोतं भीमराजकडं गेलं.

घरी आल्यावर म्या रडून रडून इचारलं, "काहून बोललात असं?"

"बाया उठून निघाल्या व्हत्या ना," एवढंच म्हणाला.

पुढल्या पुनवेला भीमराज पोतं घेऊन आमच्या दारात आला. जळबानं मूठ टाकली.

"नीट भरून टाक," भीमराज म्हणाला.

जळबा आत गेला न् दुसरी मूठ घेऊन आला.