लखीरामचा तपास

मी कमी बोलनारी बाई नाही. इंझोरीच्या तांड्यात कोनालेबी इचारा, गोमतीनं तोंड उघडलं का कोंबड्याबी आंग चोरतात. तरी त्या दिवशी माह्या तोंडातून एक शिवी निघाली नाही, याचं मलेच अजून नवल वाटते.

बहात्तरच्या दुष्काळात माहा नवरा लखीराम कामाले म्हनून गेला. "दोन महिन्यांत येतो," म्हने. सहा वर्षं झाली. ना कागद, ना निरोप. मी ना धड सवाष्ण, ना रांडाव. शेवटी तांड्याच्या नायकानं माह्या सासऱ्याले सांगतलं, "पोरीले अशी किती दिवस टांगून ठेवतं? तपास कर. जित्ता असंल तर आन. मेला असंल तर तसं सांग, मंग गोमतीचा पाट लावून देऊ." रिठदचा मोहनसिंग तयार होता. बायको गेलेली, मानूस शांत. मले तो पसंत होता, कायले लपवू?

त्याच महिन्यात मालेगावच्या भिवाजी डायवरनं खबर आनली. रत्नागिरीले बेबीताईची खानावळ हाये, तिथले मासे खायले लोक दूरदुरून येतात, आन् आचारी आपल्या वऱ्हाडातला हाये म्हनतात. सासरे म्हनले, "चाल पोरी." दोन दिवस यष्टीत हाडं खिळखिळी करून आमी पोचलो. तिथं समुद्र पाह्यला. एवढं पानी, आन् घोटभर पेता येत नाही. माह्या नवऱ्यासारखंच.

खानावळ गच्च भरली होती. लेकराबाळांसकट मानसं बसलेली. कोनी बोटं चाटून राह्यलं, कोनी भात मागून राह्यलं. बेबीताई सोता वाढत होती. चाळिशीची, हसरी बाई. मामाजीले, म्हंजे सासऱ्याले, दात नाहीत. तिनं इचारलंबी नाही, खाली बसून माशाचे काटे काढून देले. "सावकाश जेवा हं, बाबा." मले तिचा राग करता आला असता तर बरं झालं असतं.

मी पहिला घास घेतला. वर नारळ होता, आंबट होतं, पर खाली भाजलेल्या जवसाची चव. समुद्राकाठी माशात जवस कोन टाकते बाप्पा? ते मी टाकायची, आमच्याकडं नदीतले मासे आनले म्हंजे. आन् लखीराम पाट्यापाशी उभा राहून पाहत राहायचा.

तेवढ्यात बेबीताईनं आतल्या दाराकडं तोंड करून हाक मारली, "अहो, आणखी सार पाठवा."

आचाऱ्याले नावानं हाक मारतात. अहो म्हनतात ते नवऱ्याले.

समजलं मले. सारं समजलं. वाटलं, आता छाती फुटते. काही फुटलं नाही. मांडी घालून बसलं का पाय बधिर होते ना, तशी मी सारीच बधिर झाली. घास चावत राह्यली. जेवन चांगलं होतं, हेच लय वंगाळ वाटलं.

"हात धुवून येते," म्हनलं आन् आत गेली.

चुलीपाशी लखीराम. पोट सुटलेलं. मले पाहून पळी त्याच्या हातातच राह्यली.

"गोमती..."

सहा वर्षं शिव्या जमवल्या होत्या. एकबी आठवली नाही.

"मामाजी बाहेर जेवून राह्यले," मी म्हनलं.

त्यानं दाराआडून वाकून पाह्यलं. "लय थकला वं बाबा." डोळे पुसले. मंग म्हने, "तुमी व्हा पुढं. मी दोन महिन्यांत येतो."

"मामाजीले बाहेर जाऊन काय सांगू?"

त्यानं पळी सारात ढवळली.

"काय सांगू? बोल ना!"

त्यानं खाली बसून चुलीत लाकूड सारलं.

मी बाहेर आली. मामाजी भात कालवून मिटक्या मारून राह्यले होते. "बेस जेवन हाये पोरी. लख्याले आवडलं असतं." मंग हळूच इचारलं, "आचारी पाह्यला काय?"

"पाह्यला. तो आपला नाही, मामाजी." मी थांबली नाही. "आचारी म्हने, लखीराम इथं कामाले होता. दोन सालं झाली, काविळीनं गेला."

खोटं बोलली मी. बापाच्या तोंडावर त्याचा जित्ता लेक मारला. मले सुटायचं होतं. पर देवाची आन, दार चार हातांवर होतं, अर्धं उघडं होतं, आन् मी मोठ्यानं बोलली होती. त्यानं एक पाऊल टाकलं असतं, "बाबा" म्हनलं असतं, तर मी चारचौघांत खोटी पडली असती. पडायले तयार होती मी.

मामाजीनं उचललेला घास पानात ठेवला. मयताले काढतात तसं डोक्याचं पागोटं काढून मांडीवर घेतलं आन् बोडकं डोस्कं खाली घालून बसले. आजूबाजूचे लोक जेवता जेवता थांबले. बेबीताई हातातलं वाढप टाकून धावली. "बाबा, काय झालं? तिखट लागलं का?"

मी दाराकडं पाह्यलं. लखीराम तिथंच उभा होता. आपल्या नावानं बापानं पागोटं काढलेलं त्यानं डोळ्यानं पाह्यलं. मंग माह्याकडं पाह्यलं.

आन् त्यानं दार लोटून घेतलं. हळू, आवाज होऊ न देता.