रिकामं ताट

"आधी ताट वाढा, आक्काताई. ताट दिसलं की मगच सुई," असं म्हणत शालूबाईनं उकळत्या पाण्यातली काचेची पिचकारी चिमट्यानं बाहेर काढली.

"रोजचंच हाय हे," रामगोंडाण्णा कुरकुरले. "ताट काय पळून जातंय व्हय?"

"ताट न्हाई, तुमी पळताय. रानात."

सत्तेचाळीस साली आष्ट्यात इन्सुलिन घेणारे रामगोंडाण्णा एकटेच. डॉक्टरांनी आठवड्यापूर्वीच त्यांना शालूबाईच्या हवाली केलं होतं. कोण गोळ्या चुलीत टाकतं, कोण मलम म्हशीला लावतं, हे त्या नर्सबाईला तोंडपाठ होतं. रामगोंडाण्णांच्या नावावर मात्र अजून एकही लबाडी नव्हती. तिथंच ती फसली.

माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवलेली बाटली तिनं काढली, तिच्यावरचा ताकदीचा आकडा दोनदा वाचला. वीसच्या जागी चाळीसची बाटली आली आणि पिचकारी तेवढीच भरली, तर औषध दुप्पट जायचं. काल डावी मांडी, आज उजवी. सुई देऊन ती उठली.

"अर्ध्या तासात जेवा."

आक्काताईंनी नवऱ्यापुढं ताट वाढलेलं होतंच. ती निघून गेली.

अकराच्या सुमाराला रामगोंडाण्णांचा पुतण्या मदन दवाखान्यात आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, रागावू नगा. तुमच्या औषधात स्पिरिट असतंय का वो?"

"का रं?"

"काका झिंगल्यागत करायल्यात. घामानं चिंब झाल्यात. काकूला शिव्या देत्यात. आमच्या घरात असलं कवा झालं न्हाई, म्हणून दार लावून घेतलंय."

"दार लावलंय?" शालूबाई पायात चप्पल न घालताच निघाली. डॉक्टर सांगलीला गेले होते.

आत रामगोंडाण्णा भिंतीला टेकून थरथरत होते. शालूबाईनं विचारलं, "सकाळचं ताट कुठं गेलं?"

आक्काताईंनी पदर तोंडाला लावला. "गाईला घातलं. आज चतुर्दशी न्हवं? चाळीस वर्सं उपास करत्यात. पाणीसुदिक घेत न्हाईत. बोलून दाखवला की उपास वाया जातो, म्हणत्यात. तुमच्यासाठी नुसतं ताट वाढाय लावलं."

"उपाशी पोटी सुईनं साखर उतरलीया. गूळ घाला पाण्यात. लवकर."

"नेम मोडंल वो, बाई."

"नेम पाळाय माणूस लागतोय, आक्काताई. गूळ आणा!"

आक्काताई क्षणभर देवघराकडं बघत राहिल्या. मग उठल्या.

शालूबाईनं फुलपात्र ओठाला लावलं. रामगोंडाण्णांनी दात आवळले. पहिला घोट त्यांनी तिच्या लुगड्यावर थुंकला, दुसराही थुंकला.

"थुका. घरात ढेप हाय, मला घाई न्हाई," ती म्हणाली. घाई तिला होतीच, शुद्ध गेली तर काही पाजता येणार नव्हतं. तिनं हनुवटी धरली. "आण्णा, माझ्याकडं बघा. आता गिळा."

तिसरा घोट आत गेला. मग चौथा.

पंधरा-वीस मिनिटांनी थरथर थांबली. रामगोंडाण्णांनी तिच्याकडं नीट बघितलं.

"बाई, लुगड्याला काय लागलंय?"

त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. गोड लागलं. मग ते भिंतीकडं तोंड करून बसले. शालूबाईनं पुढ्यात भाकरी ठेवली तेव्हा मुकाट्यानं खाल्ली.

डॉक्टरांनी परत आल्यावर सांगितलं, सुई चालू आहे तोवर असला उपास बंद. "चूक माझीबी हाय," शालूबाई म्हणाली. "मी ताट बघितलं, घास न्हाई बघितला."

पुढची चतुर्दशी आली. भांडायची तयारी करूनच ती गेली. दार सताड उघडं होतं. रामगोंडाण्णा सोप्यावर, रस्त्याकडं तोंड करून बसले होते. पुढ्यात भाकरी होती. आक्काताईंनी कोनाड्यात गुळाचा खडा झाकून ठेवला होता.

"काका, आत बसा की," मदन म्हणाला. "बस्तीतनं देवाचं दर्शन घेऊन माणसं परत यायल्यात. बघतील."

"बघू देत."

सुई देऊन शालूबाई जोत्यावर बसली. "आज ताट रिकामं झाल्याबिगर उठायची न्हाई मी."

"बसा," ते म्हणाले.

अर्धा तास गेला. मग त्यांनी भाकरी मोडली. हात तसाच थांबला. शेवटी त्यांनी घास तोंडात घातला.

देवदर्शन करून एक म्हातारा रस्त्यानं चालला होता. ताट बघून तो थबकला, मग त्यानं हात जोडले. "जय जिनेंद्र, रामगोंडा."

तोंडात घास होता. रामगोंडाण्णांनी डावा हात छातीशी नेऊन मान लववली, आणि दुसरा घास मोडला.