मागचा बोळ

क्लेम ट्रेगिअरने सार्वजनिक स्वच्छतागृहाची कडी दोनदा ओढून पाहिली, मग खांद्याने दार ढकललं. दार हललं नाही. चौऱ्याऐंशी वर्षांच्या खांद्याला ते दाद देणारही नव्हतं. दारावर प्लास्टिकच्या पाकिटात घालून एक कागद चिकटवला होता: दुरुस्तीसाठी बंद. खाली बाण काढून लिहिलं होतं, दुसरी सोय खेळाच्या मैदानाजवळ.

"मैदान म्हणजे अर्धा मैल," तो म्हणाला.

"बाबा, पेट्रोलपंपावर जाऊन आलात ना आत्ताच?" रोझलिनने घड्याळ पाहिलं. अकराला पाच कमी.

"पंपावरचं पंपावर गेलं, पोरी. हे नवं आहे."

एरवी ती हसली असती. पण आज सकाळपासून तिला हसू येत नव्हतं, आणि त्याचं कारण तिच्या पर्समध्ये होतं. लघवी सुटायच्या गोळ्यांची पट्टी. बाहेर जायचं असेल त्या दिवशी गोळी दुपारी घरी आल्यावर द्या, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. सवयीने तिने ती सकाळच्या चहाबरोबरच दिली होती. अर्ध्या वाटेवर ध्यानात आलं तेव्हा ती गप्प बसली. आपली चूक बोलून दाखवायची तर गाडी जागोजागी थांबवावी लागली असती, आणि पुढे दोन गाड्या भरून तिच्या मैत्रिणी होत्या.

"दहा मिनिटं कळ काढा," ती म्हणाली. "म्युझियममधलं ते एवढं दाखवून झालं की मी स्वतः नेते मैदानावर. सगळ्या वाट बघतायत हो."

समोरच हॉटेल होतं. 'स्वच्छतागृह फक्त गिऱ्हाइकांसाठी' अशी पाटी दारातच होती. एक कॉफी घेतली असती तरी काम झालं असतं. हे तिला सुचलं, नाही असं नाही. पण सुचलं तेव्हा ती रस्ता ओलांडत होती आणि डेनिस हात हलवून बोलावत होती.

डेनिस हॅलरन त्यांच्या बागप्रेमी मंडळाची अध्यक्ष. मेलबर्नहून सहा बायका पानगळीचे रंग बघायला आणि सोन्याच्या खाणीचं जुनं गाव बघायला निघाल्या, ते सगळं तिनेच ठरवलं होतं. टिंकर्स रीफ या गावाचं नाव तिने काढलं तेव्हा रोझलिन म्हणाली होती, "हो, लहानपणी आले होते मी तिथे एकदा."

एकदा! जन्मापासून बाराव्या वर्षापर्यंत ती इथेच होती. पण तोंडातून शब्द गेला तो गेला. आणि मग बाबा म्हणाले, मलाही यायचंय, बघतो तरी काय उरलंय. नाही कसं म्हणणार? सकाळी गाडीत तिने एवढंच सांगितलं होतं, "तिथे जुन्या गोष्टी काढू नका हं."

"कुठल्या जुन्या?"

"तुम्हाला माहीत आहे."

"बरं," म्हातारा म्हणाला, आणि वाटेतलं कॅसलमेन गाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला.

म्युझियममध्ये वास्कीट घातलेला आणि खोट्या दाढीमिश्या लावलेला एक हौशी गृहस्थ माहिती सांगत होता. परातीत वाळू घोळवून सोनं कसं काढायचं ते त्याने दाखवलं. मग मंडळी मागच्या अंगणात आली. अंगणाच्या टोकाला पत्र्याची एक खोली होती, उभं कपाट असावं एवढीच. आत लाकडी फळी, फळीला गोल भोक, भोकाखाली डांबर फासलेला डबा.

"आणि हा आमच्या गावचा राजवाडा!" गृहस्थ म्हणाला. बायका खिदळल्या. "गटारं आली एकोणीसशे बहात्तरला. तोवर आठवड्यातून एकदा, उजाडता उजाडता, मागच्या बोळातून मैल्याची गाडी यायची. इथे मागे झडप आहे बघा. तो मागून झडप उघडायचा, भरलेला डबा ओढायचा, रिकामा सरकवायचा. कधीकधी वर कोणी बसलेलं असायचं. मग काय, गार वारा!"

हशा पिकला. डेनिसने डोळे पुसले.

"आमच्या आजीकडे होता ना असा," ती म्हणाली. "आम्ही पोरं नाकं धरून त्या गाडीमागे धावायचो. काय काय ओरडायचो! शी, आता लाज वाटते सांगायला."

"काय ओरडायचीस? सांग की," दुसरी म्हणाली, आणि डेनिसने नाक चिमटीत धरून ते ओरडून दाखवलं. पुन्हा हशा. रोझलिनही हसली. सगळ्यांपेक्षा थोडं मोठ्यांदा हसली.

"भरलेला डबा डोक्यावर घ्यायचा आणि पळत सुटायचं," गृहस्थ सांगत होता.

"खांद्यावर," मागून आवाज आला. "डोक्यावर नाही. खांद्यावर कातड्याची गादी असायची."

डेनिसने वळून पाहिलं. "काय म्हणालात, काका?"

रोझलिनने बाबांचं कोपर दाबलं. "त्यांना ऐकू कमी येतं," ती घाईने म्हणाली. "काहीतरी दुसरंच समजलं असेल."

हे धादांत खोटं होतं. म्हाताऱ्याला शेजारच्या घरातली किटली उकळलेली ऐकू यायची. त्याने मुलीकडे पाहिलं, टोपी काढली, पुन्हा घातली आणि एक पाऊल मागे सरकला. तो पायावर पाय घासत होता हे तिला दिसलं. पाच मिनिटं, तिने ओठांनीच सांगितलं. त्याने मान हलवली.

पाच मिनिटांनी तिने वळून पाहिलं तर तो तिथे नव्हता.

ती बाहेर आली. रस्त्यावर पानं उडत होती. बेकरीत बघितलं, जुन्या वस्तूंच्या दुकानात बघितलं. मैदानाच्या दिशेने निघाली आणि टाउन हॉलच्या कोपऱ्यावर थबकली. भिंतीला निळी पाटी होती, हातभर मोठी, बाई आणि बाप्याचं चित्र काढलेली. नवं कोरं बांधलेलं स्वच्छतागृह. म्युझियमच्या फाटकापासून पुरती तीस पावलंही नव्हती. दुरुस्तीच्या त्या कागदाला याचा पत्ता नव्हता, आणि मान वर करून बघावं एवढं तिलाही सुचलं नव्हतं.

"बाबा?" तिने पुरुषांच्या दारातून हाक मारली. आत दिवा आपोआप लागला. लिंबाच्या साबणाचा वास येत होता. कोणी नव्हतं.

मग तो कुठे असेल हे तिला कळलं. डोक्याच्या आधी पायांनाच कळलं म्हणायचं, कारण ती टाउन हॉलला वळसा घालून चालूही लागली होती.

मागचा बोळ होता तसाच होता. दोन्हीकडे परसांची कुंपणं, मध्ये खडी. या बोळाच्या तोंडाशी नऊ वर्षांची रोझलिन एकदा उभी होती, नवा गणवेश घालून, नवी मैत्रीण बरोबर घेऊन. त्या दिवशी मैल्याची गाडी उशिरा आली. गाडीच्या फळीवर उभ्या असलेल्या माणसाने हात उंचावला, तोंडभर हसला. "कोण गं तो?" मैत्रिणीने विचारलं. "तुला हात करतोय." आणि ती म्हणाली, "काय माहीत. मी नाही ओळखत."

गाडीच्या इंजिनाचा आवाज मोठा होता. ऐकू गेलंच नसणार, असं ती सत्तेचाळीस वर्षं स्वतःला समजावत आली होती. फक्त त्यानंतर रस्त्यात त्याने तिला पुन्हा कधी हात केला नाही. त्याचं काय करायचं ते तिला कधी उमगलं नाही.

तो एका हिरव्या फाटकाशी उभा होता, पाठमोरा, एक हात फाटकावर. बुटांखालची खडी ओली झाली होती.

"कोणी उघडत नाही," वळून न बघता तो म्हणाला. "तीन फाटकं वाजवली."

"मागचं दार आता कोण वापरतंय, बाबा?" तिचा आवाज चिरकला. "आणि तिथे टाउन हॉलपाशी पुढेच बांधलंय नवीन. एवढी मोठी पाटी आहे."

"पुढे?" त्याने जरा विचार केला. खरोखरच विचार केला. "या गावात मी पुढून कधी गेलोय, रॉझ?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. करड्या पॅन्टवर मांडीपासून खाली काळा पट्टा उतरला होता. तो तिच्याकडे बघत नव्हता, फाटकाच्या खिळ्यांकडे बघत होता.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "गोळी मी सकाळीच दिली. कळलं होतं मला वाटेत. बोलले नाही."

"हं."

"आणि मघाशी मी हसले."

"सगळेच हसले. त्या बाईने आवाज बरा काढला."

"बाबा!"

"अगं, खरंच. अगदी तस्संच ओरडायची पोरं."

तिने त्याचा हात धरला. "चला. सरळ पुढच्या रस्त्याने जाऊ. बघू दे ज्याला बघायचंय त्याला. डेनिसला सांगते मी, हे माझे वडील, या गावचे डबे यांनी उचलले, सतरा वर्षं. सगळ्यांना सांगते!"

ती मनापासून बोलत होती. आत्ता, या क्षणी, तिला भर चौकात उभं राहून ओरडायचं होतं. म्हाताऱ्याने हात सोडवून घेतला.

"अशा पॅन्टीत?"

तिची नजर पुन्हा त्या काळ्या पट्ट्याकडे गेली.

"तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून मी भर बाजारातून असा चालू होय गं?"

तो रागावला नव्हता. रागावला असता तर तिला सोसलं असतं. कुठल्याशा परसात कोंबडी ओरडली. तिने स्वेटर काढून त्याच्या कमरेला बांधायला पुढे केला. त्याने तो हाताने बाजूला सारला. तुझा चांगला स्वेटर खराब होईल, म्हणाला.

"मग काय करू? सांगा तुम्ही."

"गाडी इथे आण. आणि त्या बायकांना यातलं काही सांगू नकोस. आज नाही, नंतरही नाही."

ती निघाली, तसं त्याने हिरव्या फाटकावर बोट वाजवलं. "ओजर्सबाईंचं घर हे. दर नाताळात डब्याच्या झाकणावर बिअरची बाटली ठेवायची. एकदाही चुकली नाही बिचारी. त्या दिवशी गाडी जरा वाकडी चालायची." मग तो कुंपण आणि पाण्याच्या टाकीच्या मधल्या सापटीत जाऊन उभा राहिला. माणूसभर जागा होती, आणि ती त्याला माहीत होती.

बोळाच्या तोंडाशी डेनिस आडवी आलीच. हातात बेकरीची पिशवी.

"इथे आहेस होय! सापडले का तुझे बाबा? आम्ही आपल्या शोधतोय." ती रोझलिनच्या खांद्यावरून आत डोकावली. "तिकडे आहेत का?"

टाकी दहा पावलांवर होती. रोझलिन अर्धं पाऊल बाजूला सरकली आणि डेनिसच्या नजरेच्या आड आली.

"नाही," ती म्हणाली. "तिकडे कोणी नाही."

"मैल्याच्या गाडीचं ऐकून पळाले की काय!" डेनिस आपल्याच विनोदावर हसली.

"गाडीत जाऊन बसले असतील. दमतात हल्ली. तुम्ही जेवायला बसा, मी बघते. आम्ही बहुतेक तसेच घरी निघू."

"अगं पण सगळं ठीक आहे ना? चेहरा बघ तुझा."

"ठीक आहे," रोझलिन म्हणाली.

तिने गाडी आणली. सहलीसाठी घेतलेली चौकड्यांची सतरंजी पुढच्या सीटवर दुहेरी अंथरली. म्हातारा सापटीतून बाहेर आला, सतरंजीकडे पाहून एकदा हुंकारला आणि सावकाश आत बसला. तिने दार लावलं, वळसा घालून चाकामागे येऊन बसली. किल्ली फिरवायला हात होईना.

"छान बोललीस," तो म्हणाला. "जराही अडखळली नाहीस."

"ऐकलंत तुम्ही?"

"कान शाबूत आहेत माझे." तो सीटच्या पट्ट्याचं टोक खाचेत बसवायची खटपट करत होता. "तेव्हाही होते."

पट्टा खट्कन बसला. तिने त्याच्याकडे वळून पाहिलं. तो समोर बघत होता, हात गुडघ्यांवर, लग्नाला निघालेल्या माणसासारखा ताठ.

"चल की," तो म्हणाला. "डावीकडून घे. पुढे खड्डा आहे."

इतक्या वर्षांत खड्डा कसा राहील, असं तिच्या मनात आलं. पण तिने गाडी डावीकडे घेतली, अगदी कुंपणाला लागून, हळूहळू. डोळ्यांतल्या पाण्यामुळे तिला समोरचं नीटसं दिसत नव्हतं. खड्डा होता.